आहार आणि शरीरातली आम्लता: पहिल्यांदाच हा विषय हाती घेणाऱ्यांसाठी

‘तुमचं शरीर अ‍ॅसिडिक झालंय, म्हणून वजन उतरत नाही.’ हे वाक्य हल्ली पाण्याचं यंत्र विकणाऱ्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या काकांपर्यंत कुणीही ऐकवतं. पाठोपाठ याद्या येतात. डाळ बंद करा, दूध बंद करा, उठल्याउठल्या पालकाचा रस घ्या, पाणी ‘अल्कलाईन’च प्या. यातलं बरंचसं चूक आहे. थोडं बरोबर आहे, पण कारण वेगळंच आहे. आणि एक छोटासा भाग काही जणांच्या बाबतीत खरोखर गंभीर आहे. तिन्ही वेगळे करता आले की पुढचं सोपं जातं. पायऱ्या क्रमाने वाचा. किडनीचा आजार असेल किंवा मुतखडा होऊन गेला असेल, तर मात्र आधी सातवी पायरी वाचा आणि मग इथे परत या.

पायरी १ : सामू डोळ्यांनी बघून घ्या

सामू म्हणजे आम्लतेचा आकडा. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी ‘जमिनीचा सामू’ वाचतात, तोच हा. ७ म्हणजे उदासीन, त्याच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी, म्हणजेच ‘अल्कलाईन’. सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजपट्टी मांडली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती, हे जाता जाता. मोजपट्टीची खुबी अशी की आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. त्यामुळे ७.४ वरून ७.१ हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात आम्लता दुप्पट झालेली असते.

आता वाटीत थोडं पाणी घेऊन त्यात चिमूटभर हळद कालवा. वर चिमूटभर खायचा सोडा टाका. पिवळा रंग तांबूस होईल. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेच हे. आता त्यात लिंबू पिळा. फसफसून बुडबुडे येतील आणि रंग पुन्हा पिवळा होईल. ते बुडबुडे लक्षात ठेवा. लिंबातलं आम्ल आणि सोड्यातलं बायकार्बोनेट एकत्र आलं आणि कार्बन डायऑक्साइड उडून गेला. तुमच्या रक्तात दिवसभर हीच रासायनिक क्रिया चालू असते.

पायरी २ : ‘शरीराचा सामू’ असा एक आकडा नसतो

जठरातला रस १.५ ते ३.५ इतका तीव्र आम्लधर्मी असतो आणि तो तसाच हवा. प्रथिनं पचायला आणि अन्नातले जंतू मारायला तो लागतो. त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास, लघवीचा ४.५ ते ८ मध्ये कुठेही. रक्ताचा मात्र ७.३५ ते ७.४५, आणि त्या फटीतून रक्त सहसा हलत नाही.

ते हलू नये यासाठी तिहेरी बंदोबस्त असतो. पहिला रक्तातल्या बायकार्बोनेटचा, जो आम्ल आलं की तत्काळ त्याला गाठतो. दुसरा फुफ्फुसांचा. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड ती बाहेर टाकतात, दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल. श्वास रोखून धरा आणि बघा. थोड्या वेळाने जी असह्य घुसमट होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नसते. कार्बन डायऑक्साइड साठून आम्लता वाढल्याची ती हाकाटी असते. तिसरा बंदोबस्त मूत्रपिंडांचा. श्वासावाटे जाऊ शकत नाही असं आम्ल, म्हणजे प्रथिनांमधल्या गंधकापासून बनणारं सल्फ्युरिक वगैरे, ती लघवीतून काढतात आणि खर्ची पडलेलं बायकार्बोनेट पुन्हा भरून देतात. नेहमीच्या मिश्र आहारात हे आम्ल दर किलो वजनामागे रोज सुमारे १ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल-अल्क मोजायचं एकक) असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ६०. निरोगी मूत्रपिंडाला हे रोजचंच काम आहे.

आणखी एक गोष्ट याद्या पाठवणारे सांगत नाहीत. रक्त ‘जास्त अल्कलाईन’ होणं हाही आजारच आहे. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसाच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने रक्ताचा सामू वर सरकलेला असतो. तेव्हा ‘शरीर अल्कलाईन करणं’ हे ध्येय म्हणूनच मुळात चुकीचं आहे.

पायरी ३ : पोटातली जळजळ वेगळ्या खात्यात टाका

पित्त झालं, घशाशी आंबट आलं, करपट ढेकर येतात, या तक्रारींचा रक्ताच्या सामूशी संबंध नाही. जठरातलं आम्ल जठरातच राहिलं तर त्रास नसतो. ते वर अन्ननलिकेत आलं की जळतं. म्हणून उपायही ‘अल्कलाईन पदार्थ’ हा नसून आम्ल वर येऊ न देणं हा आहे.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं खा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू वीतभर उचला. नुसत्या जास्तीच्या उशा घेतल्या तर मान वाकते आणि पोट दाबलं जातं, उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपा. पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी करणं हा यादीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गुणकारी उपाय. तंबाखू, मिश्री, दारू यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. थंड दूध प्यायल्यावर बरं वाटतं ते घटकाभरच. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. मसाले, टोमॅटो, चहा सगळ्यांना सारखेच बाधत नाहीत, त्यामुळे सरसकट पथ्य धरण्याऐवजी आपल्याला काय बाधतं ते टिपून ठेवा.

गिळताना अन्न अडकणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, विनाकारण वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठा. आणि ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा प्यायची आपल्याकडची सवय जिवावर बेतू शकते. छातीत दाब, दरदरून घाम, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्याकडे सरकणं, धाप लागणं असं असेल तर गॅसचा विचारही करू नका, आधी ईसीजी.

पायरी ४ : लघवी आणि लाळेच्या पट्ट्या बाजूला ठेवा

रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांवर लघवी तपासून ‘माझं शरीर अ‍ॅसिडिक’ असा निष्कर्ष लोक काढतात. लघवी आम्लधर्मी आली याचा अर्थ मूत्रपिंडांनी आम्ल बाहेर टाकलं, म्हणजे काम चोख झालं. आदल्या दिवशी काय खाल्लं याचा तो साधारण अंदाज आहे, रक्ताचा नव्हे.

हा अंदाज फार जुना आहे. १८४० च्या दशकात क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाकडे बाजारातून ससे आणले होते. सशांची लघवी एरवी गढूळ आणि अल्कधर्मी असते. या सशांची मात्र मांसाहारी प्राण्यांसारखी स्वच्छ आणि आम्लधर्मी होती. बर्नार यांनी तर्क केला की ससे उपाशी असावेत आणि स्वतःच्याच मांसावर जगत असावेत. गवत खाऊ घातलं, लघवी गढूळ अल्कधर्मी झाली. पुन्हा उपाशी ठेवलं, पुन्हा आम्लधर्मी. मग सशांना चक्क उकडलेलं गोमांस खाऊ घालून त्यांनी तेच दाखवलं. आहाराने लघवी बदलते हे तेव्हापासून माहीत आहे. रक्त बदलतं असं त्यातून सिद्ध होत नाही.

लाळेची पट्टी तर सोडूनच द्या. चहा प्यायल्यावर एक, ब्रश केल्यावर दुसरा आकडा येतो.

पायरी ५ : चव विसरा, उरतं काय ते मोजा

इथे नवख्यांची सगळ्यात जास्त गफलत होते. पदार्थ आंबट आहे म्हणून तो शरीरात आम्ल तयार करतो असं नाही. लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीर जाळून टाकतं. त्यासोबतच्या पोटॅशियमच्या क्षारांपासून शेवटी बायकार्बोनेट बनतं. उलट चीज किंवा मांस जिभेला अजिबात आंबट लागत नाही, पण त्यातल्या गंधकयुक्त प्रथिनांपासून आणि फॉस्फरसपासून आम्ल बनतं.

थॉमस रेमर आणि फ्रिड्रिश मांझ या जर्मन संशोधकांनी १९९५ मध्ये यासाठी एक सूत्र प्रसिद्ध केलं. १०० ग्रॅम पदार्थाने मूत्रपिंडावर किती आम्ल पडेल हे ते सांगतं. अधिक चिन्ह म्हणजे आम्लाची भर, उणे म्हणजे अल्काची. त्यांच्या तक्त्यातले काही आकडे, मिलिइक्विव्हॅलंटमध्ये: पार्मेजान चीज ३४.२, अंड्याचा पिवळा बलक २३.४, शेंगदाणे ८.३, पांढरा तांदूळ ४.६, मसूर ३.५, दही १.५, दूध ०.७. दुसऱ्या बाजूला काकडी उणे ०.८, कांदा उणे १.५, टोमॅटो उणे ३.१, बटाटा उणे ४, गाजर उणे ४.९, केळं उणे ५.५, पालक उणे १४, मनुका उणे २१. दूध जवळपास शून्यावर आहे. ‘दूध अ‍ॅसिडिक’ म्हणून ते तोडणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

सूत्र पाचवीच्या गणितापेक्षा अवघड नाही. प्रथिनं (ग्रॅम) गुणिले ०.४९, अधिक फॉस्फरस (मिलिग्रॅम) गुणिले ०.०३७. यातून पोटॅशियम गुणिले ०.०२१, मॅग्नेशियम गुणिले ०.०२६ आणि कॅल्शियम गुणिले ०.०१३ वजा करायचे, तिन्ही मिलिग्रॅममध्ये.

तुरीवर करून बघू. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या तुरीत प्रथिनं २१.७ ग्रॅम, फॉस्फरस ३६७, पोटॅशियम १३९२, मॅग्नेशियम १८३ आणि कॅल्शियम १३० मिलिग्रॅम आहे. आम्लाची बाजू: १०.६ अधिक १३.६, म्हणजे २४.२. अल्काची बाजू: २९.२ अधिक ४.८ अधिक १.७, म्हणजे ३५.७. उत्तर उणे ११.५. ‘सगळ्या डाळी अ‍ॅसिडिक’ असं लिहिलेल्या यादीतली तूर या सूत्राने चक्क पालकाच्या शेजारी जाऊन बसते! मसूर अधिक, तूर उणे. डाळीच्या जातीने, सालीने, पाणी ओतून देण्याने आकडा बदलतो हे खरं. पण वरण बंद करण्याइतका भक्कम आधार या याद्यांना नाही, एवढं यातून कळतं.

रोज कॅल्क्युलेटर घेऊन जेवायला बसू नका. सूत्र समजून घ्यायचं ते यादी पाठवणाऱ्याला प्रश्न विचारता यावा म्हणून.

पायरी ६ : ताट बदला, पण नेमकं काय ते ठरवून

डाळ, दूध, अंडी, मासे यांना हात लावू नका. प्रथिनांमुळे हाडांतलं कॅल्शियम झिजतं ही भीती आता मागे पडली आहे. प्रथिनं वाढवली की लघवीत कॅल्शियम वाढतं हे खरं, पण आतड्यातून ते शोषलंही जास्त जातं, आणि पुरेशी प्रथिनं हाडांना हवीच असतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत आधीच प्रथिनांची ओढाताण. त्यात ‘अल्कलाईन’च्या नावाखाली वरणाची वाटी गेली तर राहिलं काय?

बदल भाजीत करायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्या घरात किती होतात ते एकदा काट्यावर बघा. मेथीची जुडी निवडली की देठ-मुळं जाऊन निम्मीच उरते, शिजली की कढईच्या तळाला बसते, आणि चौघांत वाटली की प्रत्येकाच्या पोळीला दोन-दोन चमचे. ही भाजी तोंडी लावण्यापुरती झाली, आणि बहुतेक घरांतली खरी अडचण इथेच आहे.

म्हणून सुरुवात अशी करा. पहिल्या आठवड्यात दुपारच्या जेवणात फक्त कोशिंबीर वाढवा: काकडी, गाजर, मुळा, कोबी, जे स्वस्त असेल ते, वाटीभर. पानाच्या डाव्या बाजूला ती पूर्वी असायचीच, हल्ली चटणी आणि लोणचं तेवढं उरलंय. दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या आमटीत दुधी, शेवगा, लाल भोपळा किंवा पालेभाजी घाला, म्हणजे वेगळी भाजी करायचा व्याप नको. तिसऱ्या आठवड्यात चारच्या चहाबरोबरचं फरसाण किंवा बिस्किट काढून त्या जागी पेरू, केळं किंवा संत्रं ठेवा. भाज्या उकडल्या तर पाणी ओतून देऊ नका. पोटॅशियम त्यातच उतरतं. ते आमटीत किंवा कणकेत जाऊ द्या.

मटण-चिकन-मासे खाणाऱ्यांनी ते सोडायची गरज नाही. रश्श्याबरोबर फक्त भात-भाकरी आणि नावाला कांद्याची एक फोड, एवढं ताट असेल तर भाज्यांची वाटी शेजारी आणा. उपासाच्या दिवशी बटाटा, रताळं, केळं अल्काच्या बाजूला आणि खिचडीतले शेंगदाणे आम्लाच्या. पण एकादशी नि दुप्पट खाशी या प्रकाराने बिघडतं ते वेगळंच, त्याला सामू जबाबदार नाही.

एवढं केल्यावर बरं वाटेल. पोट साफ राहील, रक्तदाबाला मदत होईल, वजनालाही. ते भाज्यांमधल्या चोथ्यामुळे, पोटॅशियममुळे आणि तळलेलं कमी झाल्यामुळे. रक्त मात्र आधीही ७.४ च्या आसपास होतं आणि नंतरही तिथेच असेल.

पालकाच्या रसाबद्दल वेगळं सांगतो. पालक ‘अल्कलाईन’ याद्यांच्या शेंड्यावर असतो, पण त्यात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला चिकटून खडे करणारा पदार्थ, भरपूर असतं. रोज पेलाभर कच्चा रस म्हणजे ऑक्झलेटचा मारा. असल्या हिरव्या रसांच्या अतिरेकाने मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पालक भाजीत, पातळभाजीत, तोही आठवड्यातून एक-दोनदा, ठीक.

विकत घ्यायच्या गोष्टींबाबत थोडक्यात. यंत्रातलं महागडं अल्कलाईन पाणी जठरात पोचताच तिथलं आम्ल त्याला गिळून टाकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ६.५ ते ८.५ सामू चालतो आणि नळाचं शुद्ध केलेलं पाणी त्यात बसतं. रोज पाण्यात खायचा सोडा घालून पिणं त्याहून वाईट. चमचाभर सोड्यात साधारण १२५० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णाला नको तीच गोष्ट. ‘अल्कलाईन शरीरात कॅन्सर वाढत नाही, हे नोबेलविजेत्याने सांगितलंय’ हा संदेशही येतोच. ऑटो वारबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या विकरावरच्या (एन्झाइमवरच्या) कामासाठी. कर्करोगाच्या पेशी साखर आंबवून भोवताली आम्ल तयार करतात हे त्यांचं निरीक्षण खरं. पण ते आम्ल गाठीने केलेलं असतं, ताटातून आलेलं नसतं, आणि लिंबूपाण्याने तिथला सामू हलत नाही.

पायरी ७ : ज्यांना हे खरंच मोजावं लागतं

किडनीचा दीर्घकालीन आजार असेल तर मूत्रपिंडांचा आम्ल बाहेर टाकायचा बंदोबस्तच कमजोर झालेला असतो. आम्ल साठतं, रक्तातलं बायकार्बोनेट उतरतं, स्नायू झिजतात, आजार आणखी वेगाने पुढे जाऊ शकतो. अशा रुग्णांना डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, आणि काही जणांत आहारातली फळं-भाज्या वाढवूनही आम्लाचा भार कमी करता येतो असं अभ्यासांत दिसलं आहे. आहार आणि आम्लता यांचा खरा संबंध आहे तो इथे.

पण इथेच सापळाही आहे. फळं-भाज्या ज्या पोटॅशियममुळे अल्कधर्मी ठरतात, तेच पोटॅशियम दुबळ्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. शहाळ्याचं पाणी, केळी, टोमॅटोचं सार, सुकामेवा, हिरवे रस, आणि ‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठ, ज्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, हे सगळं अशा रुग्णाने विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर आणखी जपा, कारण ही औषधंही पोटॅशियम वाढवतात. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून देणं हा नियम फक्त या रुग्णांसाठी. उकडल्याचं पाणी ओतून देऊ नका हा सहाव्या पायरीतला सल्ला त्यांनी उलटा वाचायचा.

मुतखड्याचं गणित खड्याच्या जातीवर आहे. युरिक अ‍ॅसिडचे खडे ५.५ सामूच्या खालच्या आम्लधर्मी लघवीत होतात. तिथे पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा सामू ६ ते ६.५ वर आणतात, आणि लघवी तपासायच्या कागदी पट्ट्यांचा खरा उपयोग इथे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. कॅल्शियम फॉस्फेटचे खडे उलट अल्कधर्मी लघवीत वाढतात, म्हणजे नुसत्या ऐकीव माहितीवर लघवी अल्कलाईन करायला गेलात तर खडा वाढायचा. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यात पालक टाळा, मीठ कमी करा, पण दूध-दही सोडू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच पकडून ठेवतं. पडलेला खडा फेकू नका, धुऊन वाळवून डब्यात ठेवा आणि तपासायला द्या. पाणी इतकं प्यायचं की दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी किती प्यावं लागेल हे घामावर ठरतं, म्हणून तांबे मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बघा: फिकट पिवळा हवा. दिवसाला एक-दोन लिंबांचा रस पाण्यात घालून घेतला तर त्यातलं सायट्रेट उपयोगी पडतं. साखर नको, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरा, नाहीतर दातांचं वेष्टण झिजतं.

मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी पदार्थ) साठतात, तेव्हा रक्त खरोखर आम्लधर्मी होतं. प्रचंड तहान, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला कुजक्या फळासारखा वास, गुंगी. हे दिसलं तर लिंबूपाणी किंवा सोडा देत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करणं हे याचं नेहमीचं कारण.

आणि ज्यांना आपला आकडा बघायचाच आहे, त्यांनी रक्ताच्या तपासणीत इलेक्ट्रोलाइट्सबरोबर (सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार) बायकार्बोनेट मागून घ्या. काही प्रयोगशाळा ते ‘टोटल सीओटू’ म्हणून छापतात. साधारण २२ ते २९ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठीक. सोबत क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम असू द्या. हे तीन आकडे डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवले की आहारात काय वाढवायचं आणि काय टाळायचं, हे त्यांना सांगता येतं.